दुखणे फऱ्यात, दाब मानेत: ब्लाउज शिवणाऱ्या एका ताईंचे प्रकरण

लग्नसराई ऐन भरात असताना, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, ४६ वर्षांच्या एक ताई माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आल्या. घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज, फॉल-पिको आणि मुलींचे ड्रेस शिवण्याचे काम त्या १९ वर्षांपासून करत आहेत. गाव कृष्णाकाठचे, तालुक्याचे. ओळख पटू नये म्हणून यापेक्षा अधिक तपशील देत नाही. त्यांची तक्रार फऱ्याची, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडापाशी दुखण्याची होती, आणि त्यांच्याच शब्दांत ती अशी होती: "उजव्या फऱ्याच्या आतल्या कडेला कुणी सुई रुतवून ठेवल्यासारखं होतं, मॅडम. सकाळी बरं असतं, पण दिवेलागणीपर्यंत सगळी पाठ भरून येते आणि मग हातातली कात्रीसुद्धा जड होते."

हे दुखणे आठ महिन्यांचे होते. मागच्या जूनमध्ये, शाळेच्या गणवेशांच्या गर्दीत ते सुरू झाले आणि गर्दी ओसरल्यावरही गेले नाही. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर त्यांनी सकाळच्या वेदनेला तीन आणि संध्याकाळच्या वेदनेला सात गुण दिले. हातात मुंग्या येत नव्हत्या, बोटांतून वस्तू गळत नव्हती, पण उजव्या कुशीवर झोपणे त्यांनी केव्हाच सोडले होते. या आठ महिन्यांत बाम, गरम पाण्याची पिशवी आणि मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या असे सगळे करून झाले होते. "पाठीत गॅस धरलाय" असे शेजारणींनी सांगितल्यावर ओवा आणि सोडाही घेऊन झाला होता. एका ठिकाणी एक्स-रे काढून "मणक्यात गॅप आहे" असे सांगण्यात आले आणि दोन महिने मानेला पट्टा बांधायला दिला गेला. पट्टा बांधून मशीनवर खाली पाहता येत नाही, म्हणून त्या कंबरेतून वाकून शिवू लागल्या आणि कंबरही धरली. शेवटी एका मालिश करणाऱ्याने मान धरून झटका दिला. त्यानंतर चार दिवस त्यांना मान वळवता आली नाही. त्यामुळे मालिशचे नाव काढताच त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती रास्त होती, आणि पहिल्याच दिवशी मी त्यांना शब्द दिला की झटका कधीही दिला जाणार नाही.

हात लावण्याआधी

पाठीच्या वरच्या भागाचे दुखणे बहुतेक वेळा स्नायूंचे आणि सांध्यांचे असते, हे खरे आहे. परंतु या जागेला छातीतले आणि पोटातले अवयवही आपली वेदना पाठवत असतात, आणि "पाठ चोळून द्या" म्हणून आलेल्या माणसाच्या पाठीला ते न विचारता हात लावणे मला धोक्याचे वाटते. हृदयाला रक्तपुरवठा कमी पडतो तेव्हा, विशेषतः स्त्रियांमध्ये, छातीत कळ न येता दोन फऱ्यांच्या मध्ये दाब किंवा जळजळ जाणवू शकते. पित्ताशयातील खड्यांची वेदना उजव्या फऱ्याच्या खालच्या टोकापाशी उमटते. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही दिसतो. त्यात रात्री वाढणारी पाठदुखी, बारीक ताप, भूक मंदावणे आणि वजन उतरणे ही लक्षणे हळूहळू जमत जातात. नागीण उठण्याआधी दोन-तीन दिवस पाठीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते आणि पुरळ आल्यावरच तिचा उलगडा होतो. पाळी गेलेल्या स्त्रीच्या मणक्याला साध्या शिंकेनेही चेप बसू शकते, आणि अशा मणक्यावर जोर देऊन मालिश केल्यास काय होईल हे सांगायला नको.

म्हणून मी ताईंना जिना चढताना धाप लागते का, घाम सुटतो का, जेवणानंतर दुखणे वाढते का, रात्री दुखण्याने जाग येते का, वजन घटले का, कधी कर्करोग किंवा क्षयरोगाचा उपचार झाला आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, असे एकेक प्रश्न विचारले. त्यांच्या आईला हृदयविकार होता. तेवढ्या कारणावरून मी त्यांना आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि ईसीजी व रक्ततपासणी झाल्याशिवाय पाठीला हात लावला नाही. ईसीजी ठीक निघाला. हिमोग्लोबिन ९.६ होते, त्यासाठी त्यांना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. या चार दिवसांच्या उशिराबद्दल त्या थोड्या नाराज होत्या, पण तसाच प्रसंग आला तर मी तो उशीर पुन्हा करीन.

जुना एक्स-रे मी पाहिला. मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली जागा किंचित कमी झालेली होती. "गॅप" या शब्दाने माणूस जितका घाबरतो तितके त्यात घाबरण्यासारखे नसते. जपानमध्ये काहीही दुखत नसलेल्या १२०० हून अधिक लोकांच्या मानेचे एमआरआय काढून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्यांतील बहुसंख्यांच्या मानेच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या आढळल्या होत्या. हे ऐकल्यावर त्यांनी पिशवीतला पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि "मग हा आता नको ना?" असे विचारले. नको, असे मी म्हटले.

तपासणी आणि पहिल्या दोन बैठका

तपासणीत मान डावीकडे ५५ अंश आणि उजवीकडे ६५ अंशांपर्यंत वळत होती. सर्वसाधारणपणे ती ७० ते ८० अंश वळते. हाताच्या नसांवर दाब असल्याची चिन्हे नव्हती, हातांची ताकद आणि बोटांची संवेदना दोन्ही बाजूंना सारखी होती. उताणे झोपून हनुवटी आत घेऊन डोके बोटभर उचलून धरायला सांगितले तेव्हा ११ सेकंदांत मान थरथरू लागली; निरोगी स्त्रियांना हे सरासरी अर्धा मिनिट जमते. उजव्या फऱ्याच्या आतल्या कडेला, ऱ्हॉम्बॉइड नावाच्या स्नायूत, बोटाखाली सुतळीसारखी घट्ट दोरी लागत होती आणि ती दाबताच ताई "हं, इथंच" असे म्हणत होत्या.

जिथे दुखते तिथेच घट्ट गाठ सापडली आणि मी तिच्यावर विसंबून पुढे गेले. ही चूक कशी घडली ते सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण ती मालिश करणाऱ्या प्रत्येकाकडून होण्यासारखी आहे.

पहिल्या बैठकीत मी त्यांना पालथे झोपवले, छातीखाली उशी घेतली आणि पाठीचा लागेल तेवढाच भाग उघडा ठेवून बाकीचा चादरीने झाकला. तिळाचे तेल कोमट करून आधी दहा मिनिटे तळहातांनी कंबरेपासून खांद्यापर्यंत लांब, सावकाश हात फिरवला. त्या वेळी दाब फक्त रक्त खालून वर सरकावा एवढा होता. नंतर मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस स्नायू दोन्ही हातांत धरून कणीक तिंबावी तसा तिंबला. शेवटी तेल पुसून काढले, कारण खोल काम करताना बोट निसटता कामा नये, आणि अंगठ्याने त्या सुतळीसारख्या दोरीवर आडवे घर्षण दिले. ताईंची वेदना सातवरून तीनवर आली. त्या उठून बसल्या, खांदे गोल फिरवले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा पाठ हलकी वाटते आहे असे म्हणाल्या. रात्री नऊच्या सुमारास त्यांचा फोन आला: दुखणे पुन्हा सहावर गेले होते.

मी त्याचा अर्थ असा लावला की दाब कमी पडला. तीन दिवसांनी दुसऱ्या बैठकीत मी कोपराचा वापर केला आणि त्याच जागी दोन मिनिटांहून अधिक दाब धरून ठेवला. ताईंचा श्वास रोखला गेला होता, उशीवर मूठ आवळलेली दिसत होती, पण त्या काही बोलल्या नाहीत, कारण "दुखल्याशिवाय मालिश लागत नाही" असे त्यांना लहानपणापासून सांगण्यात आले होते. मला ते दिसत असूनही मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी त्या जागी रुपयाएवढा काळानिळा डाग उमटला आणि दोन दिवस त्यांना हात वर करता आला नाही. हळदीच्या दिवशी द्यायचे एका नवरीचे ब्लाउज त्यांनी रात्री जागून, डाव्या हाताने कापड ओढत पूर्ण केले. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि त्या बैठकीचे पैसे परत केले. वेदनेने अंग आखडून घेतलेल्या माणसाचा स्नायू दाबाखाली सैल पडत नाही, तो आणखी कवच धरतो. हे मला पुस्तकातून माहीत होते, त्या दिवशी ते समोर दिसले. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला मी आधीच सांगते की दाबाला दहापैकी सहाच्या वर गुण द्यावेसे वाटले तर त्याच क्षणी बोलायचे, आणि बोलला नाही तरी श्वास अडकलेला दिसला की मी हात काढते.

तिसरी बैठक

आठवडाभर पाठीला विश्रांती देऊन तिसऱ्या बैठकीत मी पाठीला हात लावायचाच नाही असे ठरवले. ताईंना उताणे झोपवले, डोक्याखाली लहान उशी घेतली आणि मान किंचित उजवीकडे कलती ठेवून स्नायू सैल पडू दिले. मानेच्या बाजूने, कानामागून छातीच्या हाडाकडे तिरका उतरणारा जो ठळक स्नायू असतो त्याच्या मागे, गळ्याच्या हाडाच्या दोन बोटे वर मी तर्जनी आणि मधले बोट टेकवले. दाब पिकलेला आंबा चाचपताना देतो तेवढा, सालीवर वळ उमटू नये इतकाच. पाच-सहा सेकंद गेले आणि ताईंनी डोळे उघडले. "मॅडम, तुम्ही मागं हात घातला का?" मी दोन्ही हात त्यांना दाखवले. "मग ते पाठीतलं कसं दुखतंय? तेच, तेच दुखणं."

बोट काढले की फऱ्यातली कळ विरत होती, ठेवले की उठत होती. डाव्या बाजूला त्याच जागी दाब दिला तर फक्त मानेत दुखत होते, पाठीत काहीच नव्हते.

मानेच्या बाजूला स्केलीन नावाचे तीन स्नायू आहेत. मानेच्या मणक्यांच्या आडव्या टोकांपासून निघून ते पहिल्या दोन बरगड्यांवर उतरतात, मान एका बाजूला कलती करतात आणि श्वास घेताना बरगड्या वर उचलायला मदत करतात. ऱ्हॉम्बॉइड स्नायूला जी नस जाते ती बहुधा यांपैकी मधल्या स्नायूतून वाट काढत पाठीकडे वळते. डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकी वैद्यक, ज्या पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या व्हाइट हाउसमधील डॉक्टर झाल्या, त्यांनी आणि डेव्हिड सायमन्स यांनी स्नायूंतील संवेदनशील बिंदूंची वेदना दूर कुठे उमटते याचे जे नकाशे केले, त्यांत स्केलीनची वेदना फऱ्याच्या आतल्या कडेला दाखवली आहे. त्याही आधी, १९५९ मध्ये, होनोलुलूचे मेंदूशल्यविशारद राल्फ क्लॉवर्ड यांनी मानेच्या चकत्या उत्तेजित करून पाहिल्या, तेव्हा रुग्णांनी वेदना मानेत न सांगता फऱ्याच्या आत सांगितली होती. त्यामुळे ताईंच्या बाबतीत मूळ स्नायूत होते, नसेत होते की त्या अरुंद झालेल्या सांध्यात, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. या बिंदूंच्या संकल्पनेवरच तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत आणि दोन अनुभवी परीक्षकांना एकाच रुग्णात बिंदू एकाच जागी सापडतोच असे नाही. मात्र दुखण्याची जागा आणि दुखण्याचे उगमस्थान वेगळे होते, एवढे त्यांच्या "तेच, तेच" या शब्दांनी निश्चित झाले.

त्या दिवशी आणि पुढच्या तीन बैठकांत काम असे झाले: उजव्या स्केलीनवर ३० ते ४० सेकंदांचा हलका दाब, चार वेळा, मधल्या वेळेत सावकाश श्वास, मग खालच्या मानेपासून फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या स्नायूवर बोटांच्या पेरांनी लांब हात, छातीच्या पुढच्या बाजूचे आखडलेले स्नायू खांद्याकडे उघडणे, आणि सर्वांत शेवटी पाठीवर दहा मिनिटे केवळ हलके मर्दन, कारण पाठ अजूनही त्यांना ठणकत होती आणि तिलाही आराम हवा होता. मानेच्या या भागाबद्दल एक इशारा देते. इथे मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी आहे आणि हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा याच स्नायूंच्या मधून जातो. बोटाखाली नाडी उडताना लागली किंवा हातात मुंग्या आल्या तर हात तत्काळ काढावा लागतो. घरच्या माणसाने अंदाजाने दाबून पाहण्याची ही जागा मुळीच नाही.

मालिशने गाठी "फुटतात" किंवा अंगातले विषारी द्रव्य बाहेर निघते, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. याला आधार नाही. स्पर्श आणि दाब यांचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, हा विचार मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडला आणि पुढे त्यात बरीच भर पडली. स्नायू सैल पडतो तो मुख्यतः मज्जासंस्थेने पहारा सैल केल्यामुळे. म्हणूनच हा आराम बहुधा काही तासांचा किंवा काही दिवसांचा असतो. मानदुखीवर मालिशचा उपयोग तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यानेही (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालानेही) उपलब्ध पुरावा कमकुवत असल्याचेच म्हटले होते. २०१४ मध्ये अमेरिकेत जुनाट मानदुखीच्या २२८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तासाभराच्या बैठका आठवड्यातून दोन-तीन वेळा घेणाऱ्यांना फायदा झाला, अर्ध्या तासाच्या बैठकांनी विशेष फरक पडला नाही. आमच्याकडे येणाऱ्या कष्टकरी बायकांना आठवड्यातून तीन तास काढणे परवडत नाही. त्यामुळे ती मान पुन्हा पुन्हा का आखडते, हे शोधणे मला भाग होते.

मशीन, स्टूल आणि चष्मा

चौथ्या बैठकीनंतर मी ताईंच्या घरी गेले आणि तासभर त्या काम करत असताना कोपऱ्यात बसून राहिले. हा तास माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा ठरला.

मशीनचे टेबल ३० इंच उंच आणि लाकडी स्टूल १६ इंचांचे होते. त्यामुळे हात टेबलावर ठेवण्यासाठी खांदे कानाकडे उचललेले राहत. ट्यूबलाइट पाठीमागच्या भिंतीवर होती, म्हणजे सुईवर त्यांच्याच डोक्याची सावली पडे. मशीनची सुई डाव्या अंगाला असते, पण त्या टेबलाच्या मधोमध बसत असल्याने धड आणि मान सतत थोडी डावीकडे वळलेली होती. तासाभरात गिऱ्हाइकांचे सहा फोन आले आणि सहाही वेळा त्यांनी फोन उजव्या खांद्यावर ठेवून मान कलती करून दाबून धरला. पायाखाली मशीन चालूच होते. गळ्याची पट्टी लावताना मात्र त्या इतक्या एकाग्र झाल्या की गोलाई पूर्ण होईपर्यंत श्वासच घेतला नाही. उजव्या बाजूच्या त्या तीन स्नायूंना दिवसभर किती राबावे लागते, ते माझ्यासमोर उलगडत गेले.

प्लायवूड आणि जुन्या सतरंजीची घडी घालून आम्ही स्टूल तीन इंचांनी उंच केले, स्टूल सुईसमोर सरकवले आणि एक लहान दिवा मशीनच्या डावीकडे बसवला. खांदे लगेच खाली आले. पण पाठ सरळ ठेवून शिवायला सांगितले की दोन मिनिटांत त्या पूर्वीपेक्षाही जास्त वाकत. तीनदा सांगितले, तीनदा तेच झाले. मला वाटले, १९ वर्षांची सवय आहे, वेळ लागेल. तेव्हा त्यांनीच चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "उंच बसलं की सुई धूसर दिसते."

त्यांना चाळिशी लागली होती आणि मागच्या मे महिन्यात आठवडी बाजारातून त्यांनी अडीच नंबरचा तयार चष्मा आणला होता. अडीच नंबरच्या भिंगातून, दूरची नजर चांगली असलेल्या डोळ्याला साधारण ४० सेंटिमीटरच्या, म्हणजे १६ इंचांच्या पलीकडचे स्पष्ट दिसत नाही. त्यांच्याच टेपने आम्ही मोजले: सरळ बसल्यावर डोळ्यापासून सुईपर्यंत २१ इंच. मधले पाच इंच त्या रोज आठ-दहा तास मान पुढे काढून भरून काढत होत्या. चष्मा मेमध्ये आला आणि पाठ जूनमध्ये धरली. पहिल्या दिवशी मी त्यांना हृदयापासून पित्ताशयापर्यंत सगळे विचारले होते, पण नाकावरच्या चष्म्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता, याची मला खंत आहे.

नेत्रतपासणीला जाताना टेपने मोजलेले अंतर कागदावर लिहून न्यायला मी सांगितले, कारण वाचनाचा नंबर सहसा पुस्तकाच्या अंतरासाठी काढला जातो. नवा चष्मा सव्वा नंबरचा मिळाला. तो लावून ताठ बसून त्यांनी काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप घातली आणि टीप संपल्यावर ती बोटाने चाचपून न पाहता नुसती नजरेने तपासली.

व्यायाम मोजकेच दिले: हनुवटी आत घेऊन डोके उचलणे, रबरी पट्टा दोन्ही हातांनी बाजूला ताणणे आणि दर ब्लाउजनंतर उभे राहून पाच खोल श्वास. डेन्मार्कमध्ये मान-खांदेदुखी असलेल्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज केवळ दोन मिनिटे रबरी पट्ट्याचा व्यायाम दहा आठवडे केल्याने वेदना कमी झाली होती. दोन मिनिटे म्हटल्यावर ताईंनीही नाही म्हटले नाही. पट्टा त्यांनी मशीनच्या खणातच ठेवला. फोनसाठी मुलाने इअरफोन आणून दिला.

पुढे काय झाले

सहा बैठका पाच आठवड्यांत झाल्या. शेवटच्या बैठकीला संध्याकाळची वेदना दोन होती, मान डावीकडे ७० अंश वळत होती आणि डोके उचलून धरण्याचा वेळ ११ सेकंदांवरून २३ सेकंदांवर गेला होता. मे महिन्यात लागोपाठ तीन रात्री जागून त्यांनी एका घरच्या लग्नाची १४ ब्लाउज पूर्ण केली, तेव्हा वेदना पुन्हा पाचवर गेली. या वेळी त्यांनी गोळी घेतली नाही आणि झटका देणाऱ्याकडेही गेल्या नाहीत. एका बैठकीत मानेचे काम केले, चार दिवसांत वेदना पुन्हा दोनवर आली.

यातले श्रेय कशाला किती द्यायचे, ते एका रुग्णावरून ठरवता येणार नाही. मालिश, चष्मा, स्टूल, दिवा, व्यायाम, लोहाच्या गोळ्या आणि लग्नसराईचा ओसरता जोर हे सगळे एकाच काळात घडले. आठ महिन्यांचे दुखणे आपोआपही उतरणीला लागू शकते. माझे मत विचाराल तर मालिशने दोन कामे केली: दर बैठकीनंतर थोडा वेळ वेदना इतकी खाली आणली की ताईंना व्यायाम करण्याचे बळ राहिले, आणि बोटांनी असे काही दाखवले जे एक्स-रेत दिसत नव्हते. चष्म्याचा शोध त्यानंतरच लागू शकला, कारण मानेकडे पाहिल्यावाचून मी त्यांच्या मशीनकडे जाऊन बसले नसते.

हुक लावताना आणि काज करताना त्या अजूनही जमिनीवर मांडी घालून, कापड गुडघ्यावर ताणून बसतात आणि तेवढ्या वेळात फऱ्यात बारीक कळ येते. जूनमध्ये गणवेशांचे काम आले तेव्हा त्यांनी शेजारच्या एका मुलीला हातशिलाईसाठी बसवून घेतले. त्या मुलीने पहिल्याच दिवशी कापड नाकाशी धरलेले पाहून ताईंनी तिला डोळे तपासायला पाठवले, आणि हे मला त्यांनी फोनवर सांगितले तेव्हा मागे मशीनचा आवाज नव्हता.